साठ ठिकाणी सीव्ही पाठवला, एक फोन नाही. भाच्याचं नक्की काय चुकतंय?

पंचगंगाकाठचा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृतींच्या धाग्यावर तांबडा-पांढऱ्यावरून भांडत असतो, आज जरा गंभीर विषय आहे.

माझा भाचा, वय २४. आयटीआय मशिनिस्ट. एक वर्ष अप्रेंटिस, त्यानंतर तीन वर्षं शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं, धातू कापायचं मशीन). पोरगं कामाला चोख आहे, हे मामा म्हणून नाही, त्याच्या सुपरवायझरनं मला रस्त्यात थांबवून सांगितलंय म्हणून लिहितोय. त्याला आता पुण्याकडं जायचंय. चाकण, भोसरी, रांजणगाव, कुठंही. चार महिन्यांत साठेक ठिकाणी सीव्ही पाठवला. एकाही ठिकाणाहून फोन नाही. घरी चिडचिड, जेवताना ताटात बघत बसतो.

काल त्याचा सीव्ही मागून घेतला. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत पन्नास रुपयांत करून घेतलाय. दोन पानं. वर ठळक अक्षरांत 'बायोडाटा'. उजवीकडं फोटो, त्यात स्टुडिओवाल्याचा कोट आणि टाय. खाली उद्दिष्ट: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे. मग वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, मातृभाषा, दहावीचे टक्के, एमएस-सीआयटी, छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे. शेवटी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे', ठिकाण, दिनांक आणि सहीसाठी टिंबटिंब.

आणि तीन वर्षांच्या नोकरीबद्दल एक ओळ. 'सीएनसी / व्हीएमसी ऑपरेटर म्हणून काम केले.' बस्स.

काय करावं? तुमच्यात एचआरवाले, कारखान्यातले बरेच जण आहेत. सांगा.

---

खरडवहीवाला | शनिवार, रात्री १०:०५

पहिली शंका: हा नोकरीचा सीव्ही आहे की स्थळाचा बायोडाटा? रास, नाडी आणि मामाचं कूळ तेवढं राहिलं.

---

पंचगंगाकाठचा | शनिवार, रात्री १०:११

मामाचं कूळ इथं धागा काढून बसलंय. पुढं बोला.

---

तिसऱ्या_पाळीचा | शनिवार, रात्री १०:३२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सीव्ही-बिव्ही सगळं थोतांड आहे. मी तीन नोकऱ्या बदलल्या, तिन्ही ओळखीनं. चाकणला गेटवर 'पाहिजेत' चा बोर्ड असतो, आत आपला माणूस असला की काम होतं. आणि अनुभव तीन वर्षं आहे तो पाच लिहा. कोण बघतंय?

---

एचआरतली_एक | रविवार, सकाळी ८:१५

कोण बघतंय? मी बघते. भोसरीत एका वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात भरतीचं काम करते, त्यामुळे दोन्ही मुद्द्यांवर बोलते.

वाढवलेली वर्षं आधी. पीएफचा यूएएन नंबर एकच असतो आणि त्याच्या सेवा-इतिहासात कुठल्या मालकाकडे कधी लागलात, कधी सोडलंत, दोन्ही तारखा दिसतात. आम्ही रुजू होण्याआधी तो उतारा मागतो. तिथे दोन वर्षांचा फरक निघाला की विषय संपला. मग माणूस कितीही चांगला असो, खोटं बोलला एवढंच फायलीत राहतं. पंचगंगाकाठचे, यावरून एक महत्त्वाचं: भाच्याचा पीएफ कंपनीच्या नावावर कापला जातो की ठेकेदाराच्या?

दुसरं, ओळखीचं. ओळख चालतेच, नाकारत नाही. पण ओळखीचा माणूस तरी काय करतो? 'दादा, पोराचा सीव्ही व्हॉट्सअ‍ॅप कर' म्हणतो, तो आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरना पुढे ढकलतो, आणि ते चहा पिता पिता मोबाईलवर उघडतात. पहिल्या स्क्रीनवर स्टुडिओतला कोट दिसला आणि मशीनचं नाव दिसलं नाही तर ते खाली सरकवतसुद्धा नाहीत. वशिल्यालाही कागद लागतोच.

बाकी त्या एका ओळीबद्दल कारखान्यातल्या माणसानं सांगावं. मी शब्द शोधते, काम मला कळत नाही.

---

निवृत्त_फोरमन | रविवार, सकाळी ११:२०

सदतीस वर्षं मशीन शॉपमध्ये घालवली, त्यातली शेवटची पंधरा पोरांच्या मुलाखती घेण्यात. 'ऑपरेटर म्हणून काम केले' हे वाचून मला काहीही कळत नाही. बटण दाबून नग काढणारा पण ऑपरेटर आणि स्वतः सेटिंग करून ऑफसेट (टूल आणि जॉबच्या जागेचं माप मशीनला) देणारा पण ऑपरेटर. पगारात मात्र फरक असतो.

भाच्याला समोर बसवा आणि एवढं विचारा. वहीत लिहून घ्या, तो बोलेल त्याच शब्दांत.

मशीन कुठलं, कंट्रोल (मशीनचा संगणक) कुठला, फानुक की सीमेन्स? कुठला पार्ट, कास्टिंग की बार की फोर्जिंग? सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) किती, शिफ्टला नग किती? सेटिंग स्वतः करतो का? टूल बदलल्यावर ऑफसेट कोण टाकतं? प्रोग्राममध्ये हात घालतो का, की फक्त वाचतो? ड्रॉइंगवरचा सगळ्यात घट्ट टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, आणि तो कशानं मोजतो? पहिला नग पास कोण करतं? रिजेक्शन झालं तर का झालं, हे त्याला कधी सापडलंय का?

शेवटचा प्रश्न सोडू नका.

---

पंचगंगाकाठचा | रविवार, रात्री १०:५०

फोरमनसाहेब, तुम्हाला साष्टांग. दुपारी जेवल्यावर त्याला बसवला. पहिली दहा मिनिटं 'काय नाही मामा, नेहमीचंच काम' एवढंच. मग जे सुरू झालं ते दोन तास. त्याची आई पण दारात येऊन ऐकत उभी. तिला तरी कुठं ठाऊक होतं पोरगं दिवसभर काय करतं ते.

तर वहीतलं जसंच्या तसं:

फानुक कंट्रोल. दोन व्हीएमसी एकटा बघतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपाचं हाउसिंग, एसजी आयर्नचं कास्टिंग. सायकल टाइम साडेसहा मिनिटं, शिफ्टला एका मशीनवर साठ-पासष्ट नग. २५ मिलिमीटरचा बोअर (भोक), एच-सात, म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. बोअर डायल गेजनं मोजतो, दर पाचव्या नगाला.

सेटिंग पहिली दोन वर्षं सेटर करायचा, गेलं वर्षभर हा स्वतः करतो. आठवड्यात दोनदा पार्ट बदलतो. आधी दीड तास जायचा, आता पन्नास मिनिटं. कसं, म्हणून विचारलं तर म्हणाला, 'टूल शोधण्यातच अर्धा तास जायचा. मी मशीन चालू असतानाच पुढच्या पार्टची टूलं ट्रॉलीवर क्रमानं लावून ठेवतो आणि त्यांच्या लांब्या वहीत लिहून ठेवतो. फिक्स्चरखाली (जॉब धरणाऱ्या चौकटीखाली) दोन लोकेटिंग पिना बसवून घेतल्या, त्यामुळं दरवेळी डायल लावून सरळ करत बसावं लागत नाही.'

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. मधे सहा महिने बोअर तिरका जात होता, महिन्याला बारा-पंधरा नग भंगारात. सगळे टूलला शिव्या द्यायचे. यानं बघितलं की क्लॅम्प करताना लोकेटिंग पॅडवर बारीक चिप (धातूचा कीस) राहते आणि जॉब केसभर उचलला जातो. मग प्रत्येक नगाआधी ब्रश आणि हवा. आता महिन्याला चार-पाच जातात.

मी विचारलं, हे सीव्हीत का नाही लिहिलंस? तर म्हणतो, 'कॅफेवाल्यानं विचारलंच नाही.'

---

निवृत्त_फोरमन | रविवार, रात्री ११:१५

चिपचं वाचून खुर्चीत सरळ बसलो. हा पोरगा मी उभ्या उभ्या घेतला असता.

आता शब्द सांगतो. सीव्ही इंग्रजीतच असू दे, पण वाक्यं अशी आखूड:

'दोन व्हीएमसी (फानुक कंट्रोल) एकट्याने चालवतो. एसजी आयर्न पंप हाउसिंग, शिफ्टला प्रतिमशीन ६०-६५ नग.'
'सेटिंग, वर्क ऑफसेट, टूल ऑफसेट आणि पहिला नग स्वतः. पार्ट बदलण्याचा वेळ ९० मिनिटांवरून ५० मिनिटांवर आणला, टूल ट्रॉली व लोकेटिंग पिना वापरून.'
'२५ एच-सात बोअर. बोअर डायल गेज, मायक्रोमीटर, प्लग गेज.'
'तिरक्या बोअरचं कारण शोधलं (लोकेटिंग पॅडवरील चिप). रिजेक्शन महिना १२-१५ वरून ४-५.'

चार ओळी. हे सगळ्यात वर, नावाच्या लगेच खाली. एक पथ्य: ज्याचं कारण सांगता येईल तोच आकडा लिहायचा. मुलाखतीत त्या आकड्यावरच बोट ठेवलं जातं. आणि गिऱ्हाईक कंपनीचं नाव, पार्ट नंबर लिहू नका. ड्रॉइंग त्यांचं असतं. 'ट्रॅक्टर हायड्रॉलिक्स' एवढं पुरे.

---

एचआरतली_एक | सोमवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

एक पान. चार वर्षांच्या माणसाला दुसरं पान लागत नाही. फोटो, धर्म, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, सही, सगळं काढा. आम्हाला त्यातलं काहीही निवडीला लागत नाही. आधार आणि पॅनचा नंबर तर चुकूनही नको. सीव्ही कुणाकुणाकडे फिरतो याचा पत्ता नसतो. ते कागद रुजू होताना द्यायचे.

फाइल पीडीएफ, आणि खरी पीडीएफ. कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो नको. मोठ्या कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला फोटोतली अक्षरं धड वाचता येत नाहीत. कॅनव्हावरचे ते दोन रकान्यांचे, बाजूला रंगीत पट्टी आणि कौशल्याला पाचपैकी चार तारे असे नमुनेही टाळा. डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ एकात एक मिसळून आमच्या स्क्रीनवर भेळ होते. आणि 'फानुक ४ तारे' म्हणजे काय हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

'नोकरी' या वेबसाइटवर प्रोफाइल असेल तर दर आठवड्याला काहीतरी किरकोळ बदल करून जतन करा. आम्ही शोधताना अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार आधी बघतो. चार महिन्यांपूर्वी हात लावलेलं प्रोफाइल तळाशी जातं. 'सीएनसी' एवढाच शब्द नको, 'व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर, फानुक' असं शीर्षक. आम्ही तेच टाइप करतो. नोटीस पीरियड किती, कुठे यायची तयारी आहे, हेही तिथं भरा. कोल्हापूरचा पत्ता बघून 'हा येणार नाही' असं गृहीत धरणारे खूप आहेत.

फाइलचं नाव 'न्यू रिझ्यूम फायनल २' आहे ना? बदला. नाव आणि व्हीएमसी सेटर.

पीएफचं उत्तर राहिलं तुमचं.

---

पंचगंगाकाठचा | सोमवार, रात्री ९:००

फाइलचं नाव 'बायोडाटा नवीन फायनल' होतं. तुम्ही ज्योतिष बघता का?

पीएफ ठेकेदाराच्या नावावर आहे. अप्रेंटिसच्या वर्षाचा पीएफच नाही. सीव्हीत त्यानं चार वर्षं सरळ कंपनीचं नाव लिहिलंय. हे चुकलं का?

---

एचआरतली_एक | सोमवार, रात्री ९:४५

मुद्दाम खोटं नाही, पण पडताळणीत खोट्यासारखं दिसतं. कंपनीला फोन केला की त्यांचं ऑफिस म्हणतं 'या नावाचा आमच्याकडे कुणी नाही', कारण हजेरीपट ठेकेदाराचा. असे कितीतरी चांगले मुलगे गळतात, आणि त्यांना कारणही कळवलं जात नाही.

म्हणून दोन्ही लिहायचं: अमुक ठेकेदाराच्या पटावर, तमुक कंपनीच्या शिरोलीच्या कारखान्यात. यात लाजण्यासारखं काही नाही, निम्म्या पट्ट्यात हेच चालतं. अप्रेंटिसचं वर्ष वेगळ्या ओळीत. अप्रेंटिसशिप कायद्याखाली असणाऱ्यांना पीएफ लागू नसतो हे आम्हाला माहीत असतं, फक्त प्रमाणपत्र हाताशी ठेवा. ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र आत्ताच मागून घ्या. नोकरी सोडल्यावर त्यांना ऐकू येईनासं होतं.

---

तिसऱ्या_पाळीचा | सोमवार, रात्री १०:१०

हे ठेकेदाराचं माझ्याबरोबर झालंय. २०१९ला एका ठिकाणी याच कारणावरून परत पाठवलं, तेव्हा वाटलं जागा भरली असेल. आत्ता वाचताना डोक्यात प्रकाश पडला.

पाच वर्षं लिहा म्हणालो होतो ते मागे घेतो.

---

डोंबिवली_फास्ट | मंगळवार, दुपारी ३:२०

धाग्यात घुसतेय, क्षमस्व. मला वेगळा धागा काढायचा धीर होत नाहीये.

मी बी.कॉम., टॅलीवर नऊ वर्षं अकाउंट्स. २०१९ला सोडलं, मुलं लहान आणि सासूबाईंचं आजारपण. आता परत सुरू करायचंय. सीव्ही उघडला की ते २०१९ दिसतं आणि लॅपटॉप मिटते. 'गृहिणी' लिहू की रिकामं ठेवू?

---

नफातोटा | मंगळवार, संध्या. ६:४५

ताई, मी ठाण्यात एका छोट्या सीए फर्ममध्ये आहे. रिकामं अजिबात ठेवू नका. '२०१९ ते आता: कौटुंबिक जबाबदारी, आता पूर्णवेळ कामास उपलब्ध.' एक ओळ, माफी नाही, स्पष्टीकरण नाही.

आम्हाला खरी धास्ती वेगळीच असते: मधल्या काळात जे बदललं ते हिला माहीत आहे का? तुम्ही गेलात तेव्हा जीएसटी येऊन दोनच वर्षं झाली होती. तुमचं टॅली ईआरपी ९ होतं, २०२०ला टॅलीप्राइम आलं. त्याच वर्षी जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारा क्रेडिटचा उतारा) सुरू झाला, आणि खरेदीचं क्रेडिट त्याच्याशी जुळवणं हे आता दर महिन्याचं मुख्य काम आहे. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) ऑक्टोबर २०२०ला पाचशे कोटींवरच्या उलाढालीला होतं, उतरत उतरत ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर आलं. म्हणजे आता आमच्या साध्या हार्डवेअरवाल्या गिऱ्हाइकालाही लागतं. २०२४च्या शेवटाकडे आयएमएस आलं, पोर्टलवर बिलं स्वीकारायची-नाकारायची सोय. या चार गोष्टी महिनाभरात शिका, कुणाच्या तरी खऱ्या डेटावर हात बसवा आणि सीव्हीत नावानिशी लिहा. ते वाचलं की २०१९कडे आमचं लक्षच जात नाही.

आणि एक विचारू? सहा वर्षांत खरंच कुठलाच हिशोब लिहिला नाहीत?

---

डोंबिवली_फास्ट | मंगळवार, रात्री ११:०५

तसं काही नाही... सोसायटीची खजिनदार आहे तीन वर्षं. ८४ फ्लॅट. मेंटेनन्सची बिलं, थकबाकीचं व्याज, लिफ्टवाल्याचा टीडीएस, वर्षाचा ताळेबंद करून ऑडिटरसमोर ठेवणं. पण ते बिनपगारी आहे हो.

---

नफातोटा | मंगळवार, रात्री ११:१२

ताई!!!

८४ सभासदांची बिलिंग, वसुली, टीडीएस, ऑडिट. आणि एजीएममध्ये जोशीकाकांच्या पार्किंगच्या प्रश्नांना उत्तरं, ते वेगळंच. 'मानद खजिनदार' लिहा आणि खाली या गोष्टी लिहा. पगार किती होता हे सीव्हीत कुणीच लिहीत नाही.

---

खरडवहीवाला | बुधवार, सकाळी ७:५०

प्रत्येक सोसायटीत एक जोशीकाका असतातच का?

---

जोशीकाका_पुणे | बुधवार, सकाळी ८:०२

असतात. आणि पार्किंगचा प्रश्न रास्तच असतो.

---

श्टुटगार्टचा_बाळ्या | बुधवार, दुपारी २:००

धाग्याची वाखु (वाचनखूण) साठवली.

अवांतर: भाच्याला पुढेमागे जर्मनी डोक्यात असेल तर इथं उलट गंमत आहे. इथला सीव्ही तक्त्यासारखा, तारीख डावीकडे, काम उजवीकडे, आणि खाली ठिकाण, दिनांक, सही हा जुना रिवाज अजून बरेच जण पाळतात. तुम्ही खोडलेला सायबर कॅफेचा शेवट इथं चालून जाईल! फोटोही पुष्कळ जण लावतात, २००६च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर सक्ती कुणी करत नाही एवढंच. मधले रिकामे महिने मात्र हमखास विचारतात. पण त्याआधी जर्मन भाषा, त्याशिवाय सीव्ही कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही. आधी चाकण, मग बघू.

---

सदाशिव_पेठी | बुधवार, संध्या. ५:१५

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

---

पंचगंगाकाठचा | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ८:३०

हालहवाल सांगायला आलो.

सीव्ही एका पानाचा झाला. ठेकेदाराचं पत्र मिळवायला तीन चकरा आणि एक पेढ्याचा बॉक्स लागला. पहिल्या आठवड्यात शांतता, मग एकापाठोपाठ चार फोन. त्यातला एक 'कन्सल्टन्सी'चा निघाला, नोंदणीचे अडीच हजार भरा म्हणणारा. भाच्यानं फोन ठेवला. (एचआरताई, बरोबर केलं ना?)

चाकणला एक मुलाखत झाली. गृहस्थांनी सीव्हीवर पेन ठेवलं ते थेट चिपच्या ओळीवर, आणि वीस मिनिटं त्यावरच बोलत बसले. कागदावर फिक्स्चर काढून दाखव म्हणाले, यानं काढलं. नोकरी मात्र नाही झाली. त्यांच्याकडं सगळी सीमेन्स कंट्रोलची मशिनं आणि लगेच सेटर हवा होता. तरी पोरगं तिकडून आलं ते खुशीत. म्हणतो, 'मामा, पहिल्यांदा कुणीतरी कामाबद्दल विचारलं.'

परवा भोसरीत दुसरी आहे. तिथं फानुक आहे, आधीच विचारून घेतलं.

---

एचआरतली_एक | मंगळवार, रात्री ९:०५

शंभर टक्के बरोबर केलं. नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे मागणारा भरतीवाला नसतोच.

भोसरीत कुठे ते इथे लिहू नका, पण आमच्याकडे असेल तर मी मुलाखतीत नसते, घाबरू नये.

---

डोंबिवली_फास्ट | मंगळवार, रात्री ९:३०

मी पण सांगते. नफातोटांनी एका ओळखीच्या फर्ममध्ये महिनाभर अर्धवेळ बसायला जागा मिळवून दिली. २बी जुळवताना पहिल्या दिवशी रडू आलं, आता येत नाही. सीव्ही पाठवायला सुरुवात केलीय. मानद खजिनदारासकट.

---

निवृत्त_फोरमन | मंगळवार, रात्री १०:१०

भाच्याला म्हणावं, सीव्हीच्या दोन प्रती छापून ने, एक स्वतःच्या हातात राहू दे. आणि मायक्रोमीटरचा झिरो एरर (बंद केल्यावर शून्य दाखवतो का) कसा बघतात ते आज एकदा करून जा. मी हमखास तेच विचारायचो. तीन वर्षांच्या अनुभवाची पोरं तिथंच अडकायची.

---

पंचगंगाकाठचा | मंगळवार, रात्री १०:२२

सांगतो. आत्ता शेजारच्या पाटलांकडून मायक्रोमीटर मागून आणलाय, स्वयंपाकघरात बसलाय घेऊन. बहीण विचारतेय, पोळीची जाडी मोजतोस काय रे.